ओरडणारा आणि गप्प पडलेला

नमस्कार श्रोतेहो. धुळ्याला, नाशिकला माहेर असलेल्या इंदूरच्या मराठी घरांना हा रस्ता पाठ आहे: राऊ, महूचा फाटा, मानपूर आणि मग भेरू घाट. या रस्त्याला एखादी जीप उलटलेली दिसली, तर गर्दी कुठे असते ते बघा. जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतोय त्याच्याभोवती. कोणी त्याला पाणी देतं, कोणी रुमाल बांधतं. आणि चार पावलांवर, रस्त्याच्या कडेला, एक जण नुसता पडून असतो. 'अरे, तो ठीक दिसतोय, झोपलाय,' किंवा 'प्यायलाय हो,' असं म्हणून लोक पुढे जातात.

ओरडायला श्वास लागतो, शुद्ध लागते. म्हणजे ओरडणाऱ्याजवळ हे दोन्ही निदान या क्षणी तरी आहे. त्याचा हात मोडला असेल, पण पहिली धाव गप्प पडलेल्याकडे हवी. आणि दारूचं म्हणाल, तर दारूचा वास आला म्हणजे डोक्याला मार लागलेला नाही, असं कोणत्याही डॉक्टरला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतं, आणि असतंही.

शुद्धीचं मोजमाप करायची एक पद्धत ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी 1974 मध्ये मांडली. डोळे उघडण्याचे चार गुण, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. पूर्ण शुद्धीवरच्या माणसाला 15 आणि सगळ्यात कमी 3. इथे शून्य मिळतच नाही. डोक्याला मार लागलेल्याचे गुण आठ किंवा त्याहून कमी आले, तर इजा गंभीर धरतात. पण अंधारात, हॉर्नच्या कल्लोळात ही बेरीज कोण करत बसणार? म्हणून अमेरिकेत 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांत एकच प्रश्न पुढे आणला: हा माणूस सांगितलेलं ऐकतो का?

तो कसा विचारायचा, ते नीट ऐका. 'माझा हात दाबा,' असं म्हणून त्याच्या तळहातात आपली बोटं देऊ नका. बेशुद्ध माणसाची मूठही आपोआप मिटू शकते. त्यापेक्षा 'जीभ दाखवा' किंवा 'दोन बोटं वर करा' म्हणा. ट्रकचा ड्रायव्हर कुठल्या मुलखातला आहे ते ठाऊक नसतं, तेव्हा आपली जीभ काढून दाखवायला लाजू नका. त्यानं केलं तर ठीक. नाही केलं तर तो गंभीर, मग अंगावर एक ओरखडा नसला तरीही.

मग श्वास. अर्धा मिनिट घड्याळाकडे आणि छातीकडे बघा, आकडा दुप्पट करा. मोठ्या माणसात मिनिटाला दहाहून कमी किंवा 29 हून जास्त आला, तर धोका.

रक्तदाबाबद्दल मात्र एक मोठा गैरसमज आहे. 'बीपी तर नॉर्मल आहे ना!' मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड लिटर जाईपर्यंत शरीर नाडी वाढवून, हातापायांच्या शिरा आवळून दाब टिकवून धरतं. तो पडतो तोवर उशीर झालेला असतो. म्हणून हात गार आणि घामेजलेले आहेत का, ते बघा. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्यापेक्षा मोठा झाला, तर बीपी 'चांगलं' असूनही काळजी करा. हे सगळं रक्त रस्त्यावर दिसेलच असं नाही. मांडीचं हाड मोडलं, तर लिटरभर रक्त आतल्या आतच साचतं.

घरातल्या आजी-आजोबांना वेगळी फूटपट्टी लावा. तरुणाचं वरचं बीपी 90 च्या खाली गेलं की घाबरायचं, पासष्टीच्या पुढे मात्र 110 च्या खालीच. बीपीच्या काही गोळ्यांमुळे त्यांची नाडी वाढतच नाही. आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर मोरीत घसरून डोकं आपटणं हीसुद्धा किरकोळ गोष्ट नाही.

एवढं बघायचं कशासाठी? जखमीला कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये न्यायचं की थेट एम. वाय. सारख्या मोठ्या रुग्णालयात, हे ठरवण्यासाठी. यात चूक झाली तर कोणत्या बाजूला व्हावी, हेही जाणकारांनी ठरवून ठेवलंय. मोठ्या रुग्णालयात नेलेल्या शंभरांपैकी पस्तीस जणांना तशी गरज नव्हती, हे चालतं. पण खरोखर गंभीर असलेल्या शंभरांपैकी पाचांहून जास्त जण नजरेतून सुटता कामा नयेत. मला हा हिशेब पटतो. फुकटचा हेलपाटा झाला, तर पेट्रोलच जाईल ना!

108 वर फोन लावलात की 'ॲक्सिडेंट झालाय, लवकर या' एवढ्यावर थांबू नका. कोणता घाट, कोणत्या बाजूची लेन, किती जण, त्यातले किती सांगितलेलं ऐकत नाहीत, कोणी गाडीबाहेर फेकलं गेलंय का, गाडीत कोणी अडकलंय का, ते सांगा. मान वाकडी करून कोणाला ओढू नका, पाणी पाजू नका. अपघात किती वाजता झाला ते लक्षात ठेवून ॲम्ब्युलन्सवाल्यांना सांगा. पोलिसांची भीती वाटत असेल, तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 134 अ आठवा. मदत करणाऱ्याला आपलं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.