अवर्षणप्रवण भागातील द्राक्षबाग आणि मातीतील सूक्ष्मजीव

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील तासगाव, कवठे महांकाळ आणि जत किंवा सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा सारा कमी पावसाचा मुलूख. तरीही उत्तम द्राक्षे आणि बेदाणा पिकवण्याचा लौकिक या भागाने मिळवला आहे. एप्रिलच्या खरड छाटणीत जुन्या काड्या आखूड छाटतात; त्यानंतर नव्या काडीच्या डोळ्यांत (कळ्यांत) पुढील हंगामाच्या घडांची निर्मिती होत असते, आणि नेमक्या त्याच काळात विहिरी तळ गाठतात. अशा वेळी शेततळे, ठिबक आणि टँकर यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. मात्र ड्रीपरखाली पडलेले पाणी वेलीच्या उपयोगी किती पडते, हे बऱ्याच अंशी मुळीभोवतीच्या सजीव सृष्टीवर अवलंबून असते. आज त्या सृष्टीविषयी बोलायचे आहे.

आपल्याकडील बहुतेक बागा आता डॉगरिज खुंटावर, म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचे कलम करतात त्या रोपावर, उभ्या आहेत. अमेरिकेतील टेक्सासमधून आलेला हा खुंट पाण्याचा ताण आणि क्षार बऱ्यापैकी सोसतो. पण खुंट कितीही काटक असला, तरी त्याची पांढरी मुळी बोदातील, म्हणजे वेलींच्या ओळीतील उंच वरंब्यातील, मातीच्या प्रत्येक कणापर्यंत पोचू शकत नाही. चुनखडीच्या जमिनीत तर स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी बांधला जातो आणि जागचा हलत नाही. मुळीच्या अगदी लगतचा, एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद संपला की पलीकडचा साठा असून नसल्यासारखा होतो.

येथे मायकोरायझा ही बुरशी कामाला येते. द्राक्षाची बारीक मुळी धुऊन, रसायनाने पारदर्शक करून, निळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर मुळीच्या पेशींत शिरलेले या बुरशीचे तंतू निळे दिसतात आणि काही पेशींच्या आत ते एखाद्या फांद्याफांद्यांच्या झाडासारखे पसरलेले आढळतात. देवाणघेवाण होते ती तेथेच. वेल पानांत तयार केलेल्या अन्नाचा काही भाग बुरशीला देते. हा वाटा साधारणपणे 4 ते 20 टक्के मानला जातो. त्या बदल्यात बुरशी स्फुरद, जस्त, तांबे आणि पाणी मुळीत आणून सोडते. तिचे तंतू 2 ते 10 मायक्रॉन जाडीचे, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक असतात. त्यामुळे ज्या सूक्ष्म पोकळ्यांत मुळीला शिरता येत नाही तेथले पाणीही त्यांच्या आवाक्यात येते. शिवाय हे तंतू मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. अशी रवाळ माती ओल अधिक काळ धरते. वनस्पती आणि बुरशी यांची ही सोबत सुमारे 40 कोटी वर्षांची आहे, याचे पुरावे जीवाश्मांतून मिळाले आहेत.

जिवाणूंचे काम निराळे आहे. पाण्याचा ताण पडला की वेलीत इथिलिन वाढते, मुळांची वाढ थबकते आणि पाने लवकर पिकू लागतात. स्यूडोमोनास आणि बॅसिलस गटांतील काही जिवाणू, इथिलिन ज्या पदार्थापासून तयार होते तो पदार्थ मुळीजवळच मोडून टाकतात. परिणामी ताण असूनही मुळी वाढत राहते. स्फुरद विरघळवणारे जिवाणू आम्ले सोडून चुनखडीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात. यांपैकी कोणीही पाणी निर्माण करत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. टँकर बंद करून सूक्ष्मजीवांची बाटली ओतावी, असा सल्ला कोणी देत असेल तर तो मानू नये.

माझ्या मते खरी अडचण बाटली कोणती घ्यावी ही नाहीच. सूक्ष्मजीव ज्या मातीत सोडायचे, तेथे त्यांना जगता येते का, हा प्रश्न आहे. माती परीक्षण न करता दरवर्षी स्फुरदयुक्त खते देत राहिलो, तर वेलीला बुरशीची गरज उरत नाही आणि वेल तिला मुळीत थारा देत नाही. डाऊनी (केवडा) रोगासाठी वर्षानुवर्षे फवारलेल्या, मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणातील तांबे मातीत साचते. ते कुजून नाहीसे होत नाही आणि मातीतील उपयुक्त बुरशींनाही बाधते. मे महिन्यात उघडा, तापलेला बोद तर वरच्या थरातील जिवाणूंचा निभाव लागू देत नाही. उसाचे पाचट ज्या भागात उपलब्ध आहे, तेथे ते जाळण्याऐवजी बोदावर जाड थराने पसरले, तर ओल टिकते, माती कमी तापते आणि सूक्ष्मजीवांना खाद्यही मिळते. दोन ओळींमध्ये ताग किंवा मूग घ्यावा, कारण ही पिके मायकोरायझाला आपल्या मुळांवर सांभाळतात. मोहरीच्या मुळांवर मात्र ही बुरशी वाढत नाही.

मायकोरायझा जिवंत मुळीशिवाय वाढत नाही. म्हणून ते देण्याची उत्तम वेळ म्हणजे खुंटाची लागवड. खड्ड्यात मुळांना थेट लागेल असे ते टाकावे. वरून विखुरल्यास त्याचा फारसा उपयोग होत नाही. जुन्या बागेत खरड छाटणीनंतर पांढरी मुळी सुटू लागली की ड्रीपरखालची माती हलक्या हाताने उकरून, चांगल्या कुजलेल्या शेणखताबरोबर ते द्यावे. त्याच सुमारास बुरशीनाशकाची आळवणी करू नये, म्हणजे त्याचे द्रावण मुळाशी ओतू नये. जिवाणू संवर्धके (जिवंत जिवाणू असलेली खते) घेताना वेष्टनावरील अंतिम तारीख पाहावी, ती सावलीत ठेवावीत आणि रासायनिक खतांच्या टाकीत मिसळू नयेत.

आणखी एक विनंती आहे. संपूर्ण बागेत एकदम वापर न करता एक ओळ तशीच सोडावी आणि बाकीची मशागत दोन्हीकडे सारखीच ठेवावी. पाऊस सुरू होण्यापूर्वी दोन्हीकडच्या वेलींजवळ वीतभर माती उकरून पांढरी मुळी किती आहे, तिला माती कशी चिकटली आहे आणि दुपारच्या उन्हात कोणत्या ओळीचे शेंडे आधी मान टाकतात, याची नोंद वहीत करावी. पुढील हंगामात खर्च वाढवायचा की थांबवायचा, हे त्या नोंदीवरून ठरवता येईल.

नमस्कार.