हिपहॉप बीटवर व्हायोलिन: सूर लागतो, मग बसत का नाही?

नमस्कार मंडळी. बीटवर व्हायोलिन वाजवतानाचा तो छोटा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय. "ताई, मी बरीच वर्षं क्लासिकल शिकतोय, सूर पक्का आहे, पण हिपहॉपवर वाजवलं की दोन वेगळी गाणी एकदम लागल्यासारखं वाटतं." असं विचारणारे इतके जण आहेत, की आज फक्त यावरच बोलते.

आधी पटकन पाया. क्लासिकल म्हणजे इथे वेस्टर्न क्लासिकल, मी तेच शिकले. हिपहॉपचा बीट चार मात्रांचा. किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) पहिलीवर, स्नेअर (कडक ठोका) दुसरीवर आणि चौथीवर, मधल्या जागा हायहॅट (छोटी झांज) भरतो. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा बीटचा तुकडा, कुठल्या स्केलमध्ये आहे ते शोधा, त्यात चार-पाच सुरांची छोटी सुरावट बांधा. हे तुम्हाला येतं, पुढे जाऊ.

आता खरं दुखणं. तुम्ही पुढे पळताय.

मला हे कळलं ते एका रेकॉर्डिंगमध्ये. एका प्रोड्युसरकडे पहिल्यांदा गेले होते. सोळा बार (चार मात्रांचा एक बार) वाजवले, एक सूर हलला नाही. तो म्हणाला, "छान आहे, पण तू घाई करतेयस." मला राग आला. मी आणि घाई? रोज मेट्रोनोम लावून रियाज करणारी मी! त्याने काही न बोलता स्क्रीनवर वेव्हफॉर्म मोठा करून दाखवला. माझा प्रत्येक सूर स्नेअरच्या जरासा आधी पडत होता. सगळेच्या सगळे.

हे होतं कशामुळे? आपल्याला वाक्य पुढे न्यायला शिकवलेलं असतं. पुढच्या बारकडे झुकायचं, शेवटाशी थोडं रेंगाळायचं, आणि समोरचा कंडक्टर आपल्याबरोबर श्वास घेतो. लूप श्वास घेत नाही. तो तुमच्यासाठी थांबत नाही की धावत नाही, त्यामुळे तुमचं ते सुंदर झुकणं तिथे फक्त घाईसारखं ऐकू येतं.

आकड्यात सांगते. ९० च्या वेगाला, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा, एक मात्रा साधारण ६६७ मिलिसेकंदांची. तिचे चार भाग केले तर एक भाग सुमारे १६७ चा. त्यातले वीस-तीस मिलिसेकंद इकडचे तिकडे झाले, की बीट एकतर ढकलल्यासारखा वाटतो, नाहीतर आरामात टेकून बसल्यासारखा. जे डिला या हिपहॉप प्रोड्युसरचे बीट ऐका. एमपीसी या बीट बनवायच्या मशीनवर हाताने वाजवलेले ठोके तो मशीनला सरळ रेषेत ओढू द्यायचा नाही. त्याचं एमपीसी ३००० आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे, इतकी त्या काही मिलिसेकंदांची किंमत.

मग करायचं काय? मेट्रोनोम ४५ वर लावा आणि प्रत्येक टिक म्हणजे दुसरी आणि चौथी मात्रा असं धरा. पहिली मात्रा तुम्ही स्वतः सांभाळायची. पहिल्या दिवशी चिडचिड होते, खरंच होते. टिक कधी पहिली वाटायला लागते कळतही नाही. तसं झालं की थांबा, पुन्हा सुरू करा.

हेच बोच्या (गजाच्या) बाजूने बघा. (व्हायोलिन उचलते) बो तारेवर हळूच टेकवून आवाज फुगवत नेला, तर सूर नक्की कधी सुरू झाला हेच कोणाला कळत नाही. मग ऐकू यायला उशीर होऊ नये म्हणून आपण बो आधीच सुरू करतो, आणि घाईची सवय तिथूनच लागते. ऐका... आणि आता फ्रॉगजवळून (बो हातात धरतो ते टोक), कमी बो, सूर सुरू होतानाच बोने तार चावा. ऐका... फरक कळला? एक पायरी पुढे चॉप. बो फ्रॉगजवळ उभा तारेवर टाकायचा, सूर नाही, नुसता खरखरीत ठोका. हे तंत्र हिपहॉपचं नाही. १९६० च्या दशकात ब्लूग्रास वाजवणाऱ्या रिचर्ड ग्रीनने ते काढलं. पण स्नेअरवर ते असं बसतं, की उजवा हात आपोआप लयीत येतो.

आणि हेच शरीराच्या बाजूने. बीट ऐकताना मान खाली कधी जाते? स्नेअरवर. मग वाजवताना ताठ का उभे राहता? मान हलू दे. मानेच्या आधी सूर आला, तर तुम्ही पुढे पळालात.

एक कमेंट मला टोचली, म्हणून बोलते. "हे करून तुम्ही क्लासिकल बिघडवताय." अहो, ब्लॅक व्हायोलिन ही फ्लोरिडाची जोडी ऐका, विल बॅप्टिस्टचा व्हायोला आणि केव्ह मार्कसचं व्हायोलिन. दोघांची गाठ शाळेच्या ऑर्केस्ट्रात पडली. त्यांच्या जोडीचं नाव आलंय स्टफ स्मिथ या जॅझ व्हायोलिनवादकाच्या अल्बमवरून. व्हायोलिनवादक मिरी बेन-अरीही क्लासिकल शिकलेली, आणि २००५ चं सर्वोत्कृष्ट रॅप गाण्याचं ग्रॅमी तिच्याही नावावर आहे. बीट तुमचा बेसूरपणा झाकत नाही, उलट उघडा पाडतो. खाली ८०८ या ड्रम मशीनचा बास एकाच सुरावर लांब घुमत असतो, त्यावर तुमचं तिसरं बोट जरा खाली लागलं तर लगेच कळतं. तिथे तुम्हाला फक्त रियाज वाचवतो.

हां, आणि रॅपर बोलत असताना वरच्या ई तारेवर चढू नका, प्लीज. शब्दांची धार असते त्याच भागात तिची धार येते, आणि मग दोन्ही चिरडतात. खाली जा, जी तारेवर. तिचा सूर १९६ हर्ट्झचा, बासचं मूळ त्याच्याही खाली राहतं. नाहीतर गप्प राहा. चार बार गप्प राहणं हेही वाजवणंच आहे.

चला, व्हायोलिन काढा. मी ८८ चा बीट लावतेय. पहिले आठ बार कोणी वाजवायचं नाही, फक्त मान. नवव्या बारला दोन आणि चारवर चॉप. सूर अजिबात नको, सूर सतराव्या बारपासून. तयार? ...मान.