दुकानातला बोर्ड आणि मैदानातली पोरं

(नवी मुंबईत पालक आणि प्रशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, टेबलावर दोन स्केटबोर्ड ठेवलेत. वरून दोन्ही सारखेच दिसतात. हजार-दीड हजाराच्या बोर्डावरचं चित्र तर जास्तच झगमगीत आहे. म्हणून दोन्ही उलटे करू. स्वस्त बोर्डाचं चाक काढून फरशीवर टाका. ते खट्ट वाजून पडून राहतं, कारण ते टणक प्लास्टिकचं आहे. दुसऱ्या, चांगल्या बोर्डाचं युरेथेनचं, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचं चाक उसळी घेतं. आता ट्रक बघा, म्हणजे चाकांचा दांडा धरणारा भाग. स्वस्त बोर्डाचा ट्रक प्लास्टिकचा आहे आणि त्यातलं रबर दगडासारखं कडक. मूल वळायला अंग झुकवतं, बोर्ड मात्र सरळच जातो आणि मूल पडतं. मग घरात ठरतं की याला काही जमत नाही.

खोक्यावर ‘एबेक ११’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. एबेक हे बेअरिंगचं, म्हणजे चाकात बसणाऱ्या गोळ्यांच्या कड्याचं माप. त्याच्या श्रेणी पाचच आहेत: १, ३, ५, ७ आणि ९. बेअरिंग किती काटेकोर मापात बनवलं, एवढंच त्या सांगतात. उडी मारून आदळल्यावर ते टिकेल का, याचा त्यात उल्लेखही नसतो. तरी पोरं मैदानात बोर्ड बघताना एकमेकांना आधी तोच आकडा विचारतात. जाहिरातीने मुलांच्या डोक्यात काय भरलं, ते इथे दिसतं.

बाजार आला म्हणून खेळ बिघडला, असं मी म्हणणार नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची चाकं विकायला काढली, म्हणून हा खेळ रस्त्यावर टिकला. पण तेव्हा बोर्ड विकणारा बहुधा स्वतः खेळणारा असायचा आणि विकता विकता शिकवायचा. पुढे १९९५ मध्ये एक्स गेम्स, म्हणजे धाडसी खेळांच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९९९ मध्ये टोनी हॉक या अमेरिकी स्केटबोर्डरने हवेत अडीच गिरक्या पूर्ण केल्या आणि त्याच वर्षी त्याच्या नावाचा व्हिडिओ गेम आला. २०२० मध्ये सुप्रीम हा स्केटबोर्डिंगच्या कपड्यांचा ब्रँड दोन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला. आज माल ॲपवरून येतो, शिकवणारा माणूस मात्र त्याच्यासोबत येत नाही.

त्यात ऑलिंपिकची भर पडली. २०२१ मध्ये टोकियोत महिलांच्या स्ट्रीट (रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांसारख्या अडथळ्यांच्या) प्रकारात सुवर्ण आणि रौप्य जिंकणाऱ्या मोमिजी निशिया आणि रायसा लेआल, दोघीही १३ वर्षांच्या होत्या. ते बघून आपल्याकडे आठव्या-नवव्या वर्षी मुलाला घाई सुरू होते. पॅरिसला २०२४ मध्ये स्ट्रीटच्या अंतिम फेरीत ४५ सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि पाच सुट्या ट्रिक होत्या. त्यातली एक चांगली फेरी आणि दोन चांगल्या ट्रिक धरल्या गेल्या. पोरं यातून एवढंच उचलतात की एक मोठी ट्रिक बसली की झालं. ४५ सेकंद न थांबता बोर्ड चालवायचा असतो, हे कुणी उचलत नाही. ‘कोणती ट्रिक आली की स्पॉन्सर मिळतो?’ हा प्रश्न किकटर्न, म्हणजे पुढची चाकं उचलून वळणं, यायच्या आधीच विचारला जातो.

याचा सगळ्यात घातक नमुना म्हणजे गवतावरची किकफ्लिप, म्हणजे उडीत बोर्डाला पायाने गिरकी देणं. मूल लॉनवर किंवा गादीवर उभ्या जागी किकफ्लिप शिकतं, कारण तिथे चाकं फिरत नाहीत आणि मोबाइलवर दिसायला छान दिसतं. दहा वेळा चुकलेलं कापून अकरावी रीलवर जाते. मग तेच मूल काँक्रीटवर येतं. चालत्या बोर्डावर त्याचा भार मागच्या पायावर राहतो, उतरताना बोर्ड पुढे निसटतो, मूल मागे पडतं, हात टेकवतं आणि मनगट जातं. क्रम असा हवा: दोन्ही बाजूंना वळत ढकलत जाणं, पाय घासून थांबणं, किकटर्न, मग चालत्या बोर्डावर ऑली, म्हणजे बोर्डासकट उडी. ऑलीत मागच्या पायाने शेपूट ठोकायची, पुढचा पाय वर सरकवायचा आणि दोन्ही पाय स्क्रूंच्या वर ठेवून उतरायचं. हे पाच मीटर सरळ जमल्याशिवाय किकफ्लिपचं नाव नको. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट सुरुवातीपासून. हेल्मेटची कड भुवईच्या दोन बोटं वर.

वागणुकीवरही परिणाम होतो. दुसऱ्याची ट्रिक बसली की बोर्ड जमिनीवर आपटून दाद द्यायची या खेळात रीत आहे. आता मोबाइल धरलेला मित्र उतरण्याच्या जागेत बसतो आणि पाळी नसताना पोरं रांगेत घुसतात, कारण क्लिप हवी असते. प्रशिक्षकांनी इथे कडक व्हावं. मोबाइल शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि तोही रॅम्पच्या बाहेरून.

खरेदीचं थोडक्यात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला सात पदरी मेपल लाकडाचा, साडेसात इंचांच्या आसपास रुंद डेक, म्हणजे उभं राहायची फळी. ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, डेकच्या रुंदीएवढा, फार तर पाव इंच इकडे-तिकडे. पार्कच्या काँक्रीटवर ५२ मिलिमीटर, ९९ए चाकं (‘ए’चा आकडा कडकपणाचा, जास्त म्हणजे कडक). खारघर-सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये पेव्हर ब्लॉक असतात, तिथे तीच चाकं फटीत अडकतात. त्यासाठी ५६ ते ६० मिलिमीटर, ७८ ते ८५ए. ब्रँड शेवटी बघा. बूट स्वेडचे घ्या. कॅनव्हास ग्रिप टेपवर (डेकवरच्या खरखरीत पट्टीवर) घासून करंगळीजवळ फाटतो.

आणि बोर्ड मुलाला स्वतः खोलता आला पाहिजे. जून ते सप्टेंबर इथली मैदानं ओली असतात. भिजलेल्या डेकचे पदर सुटतात, बेअरिंग गंजतात. हे चार महिने पार्किंगमध्ये हाच वर्ग घ्या. अर्ध्या इंची पान्याने ॲक्सलचा नट काढायचा, आठही बेअरिंगची झाकणं पिनने उचलायची, बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून पूर्ण सुकवायची, मग प्रत्येकी एक-दोन थेंब बेअरिंग तेल. गंजरोधक फवारा वंगण म्हणून मारू नका, तो टिकत नाही. चाक बसवताना चाकाच्या दोन्ही बाजूंना, बेअरिंगला लागून, एकेक वॉशर हवाच. नट पूर्ण आवळून पाव आटा सैल करायचा. चाक आडवं हलवल्यावर किंचित खेळलं पाहिजे. हे करता येणाऱ्या मुलालाच पुढचा नवीन डेक घेऊन द्या.