ताई, ही नक्की कसली सुई?

(दृश्य : नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. सकाळ. लसींच्या फ्रिजचं झाकण उघडतं.)

हा फ्रिज घरातल्यासारखा पुढून उघडत नाही. झाकण वर असतं, म्हणजे उघडलं तरी गार हवा तळाशीच राहते. आरोग्य खात्यात याला आयएलआर म्हणजे आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर म्हणतात. आतलं तापमान २ ते ८ अंशांच्या मध्येच हवं. ते दिवसातून दोनदा वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. रविवार असो, दिवाळी असो.

(दृश्य : सिस्टर आइसपॅक कानाशी धरून हलवतात.)

फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक लस न्यायच्या डब्यात लगेच घालायचा नसतो. दगडासारखा बर्फ शेजारची पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीची, कुपी गोठवतो आणि गोठलेली पेंटा बाद होते. म्हणून पॅक ओट्यावर मांडून ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, मग असे कानाशी हलवायचे. आत पाणी डचमळलं की पॅक तयार. असे चार पॅक डब्याच्या चार भिंतींना लावायचे, मधे पिशवीत कुप्या. लस उन्हाने खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. गारठ्यानेही होते, हे सिस्टरांनी सांगेपर्यंत आमच्या कॅमेरामनलाही माहीत नव्हतं.

(दृश्य : कुपी अगदी जवळून.)

लेबलवर एक जांभळट गोल आहे, त्याच्या आत फिकट चौकोन. कुपीला जसजशी ऊब लागते, तसतसा चौकोन गडद होत जातो. चौकोनाचा रंग गोलाइतका झाला की कुपी टाकून द्यायची, डॉक्टरांना विचारायलाही थांबायचं नाही. लिहितावाचता न येणाऱ्या माणसालाही दाखवता येईल अशी ही खूण. सिस्टर ती बाळाच्या आईला दाखवतात. दाखवलीच पाहिजे असा काही नियम नाही.

(दृश्य : डांबरी रस्ता संपतो. डबा आशाताईंच्या खांद्यावर. भाताची खाचरं, चढण.)

पाड्यावरच्या अंगणवाडीत आज लसीकरण आहे. यादी आशाताईंनी आधीच केली आहे. काल त्या घरोघर जाऊन सांगून आल्या, तरी सकाळपासून पुन्हा दारं वाजवत फिरताहेत. काही घरांना कुलूप आहे, कारण माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला गेली आहेत. ती मुलं चुकतात ती पोटापाण्यापायी. उगाच सगळं खापर अविश्वासावर फोडायला नको.

पण या दारात माणसं घरात आहेत.

(दृश्य : ओसरी. वडील उभे, पोरगं कडेवर.)

मुलाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिला आहे. पहिला नऊ महिन्यांनंतर झाला, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा. वडिलांनी स्वतः कोरोनाच्या दोन्ही सुया घेतलेल्या, त्याही नाशिकला रांगेत उभं राहून. लसीला विरोध करणारा म्हणावा असा हा माणूस नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की ही नक्की कसली सुई? ती कोरोनाचीच तर नाही? आणि उद्या काही झालं, तर विचारायचं कुणाला?

असे प्रश्न पूर्वी कुणी विचारत नव्हतं, असं आशाताई सांगतात.

(दृश्य : जुनी फीत. २०२१, नाशिकचं लसीकरण केंद्र, पहाटेची रांग, चपला ओळीत मांडलेल्या.)

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झालं. कोविशील्डच्या दोन डोसांमध्ये ४ ते ६ आठवडे ठेवा, असं तेव्हा सांगितलं. मार्चमध्ये ते ६ ते ८ झालं. १३ मे रोजी १२ ते १६. ब्रिटनच्या अनुभवातून लांब अंतराला शास्त्रीय आधार मिळत होता, हे खरं. पण त्याच आठवड्यात महाराष्ट्रात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण लस नाही म्हणून थांबलेलं होतं. रांगेतून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाने यातून काय अर्थ काढायचा? पुढे जूनमध्ये सरकारच्याच सल्लागार गटातल्या तिघांनी रॉयटर्स वृत्तसंस्थेला सांगितलं, की आम्ही ८ ते १२ आठवड्यांच्या बाजूने होतो, १६ पर्यंत जायला आमची शिफारस नव्हती. मंत्रालयाचं म्हणणं होतं, निर्णय एकमताने झाला. दोन्ही बाजू तज्ज्ञांच्याच.

(दृश्य : मोबाइलचा पडदा, प्लाझ्मासाठीचे मेसेज.)

प्लाझ्माचं, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला द्रव आजाऱ्याला देण्याचं, तसंच. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच ३९ रुग्णालयांतल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नव्हता. तो निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्धही झाला. तरी एप्रिल २०२१ मध्ये घरोघरची पोरं रात्र रात्र दाता शोधत होती, कारण उपचारांच्या सरकारी यादीतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये. का निघाला, हे त्या पोरांना कुणी समजावलं नाही.

(दृश्य : जून २०२१ ची व्हायरल चित्रफीत. उघड्या अंगाला चिकटलेले चमचे आणि नाणी.)

नाशिकच्या सिडकोतल्या एका ज्येष्ठ नागरिकांचा हा व्हिडिओ देशभर फिरला. दुसऱ्या डोसनंतर अंगाला भांडी चिकटतात, असा दावा. लसीत चुंबकत्व येईल असं काही नसतंच. घामट, गुळगुळीत कातडीला हलकी वस्तू चिकटते, डोस न घेतलेल्यांच्याही. पावडर लावून बघितलं की कळतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे लगोलग समजावलं, केंद्रानेही खुलासा केला. खुलासा किती जणांपर्यंत पोचला ते सोडा. चमचे मात्र आजही पाड्यावरच्या मोबाइलमध्ये आहेत. आम्ही पाहिले.

(दृश्य : २१ एप्रिल २०२१. डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयाचं आवार. पांढरा धूर.)

नाशिक महापालिकेच्या या रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि रुग्णांचा पुरवठा तुटला. त्या दिवशीचा मृतांचा आकडा २२.

(चित्र चालू राहू द्यावं. इथे निवेदन नाही.)

तीन महिन्यांनी, २० जुलैला, राज्यसभेत लेखी उत्तर आलं : ऑक्सिजनच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. उत्तर तेव्हाच्या केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचं होतं. त्या तेव्हा दिंडोरीच्या खासदार होत्या, म्हणजे याच जिल्ह्याच्या. गळती वेगळी आणि तुटवडा वेगळा, कागदावर हे बरोबरच आहे. राज्यांनी जे कळवलं तेच उत्तरात आलं, हेही बरोबर. फक्त ते उत्तर इथे, नाशिकमध्ये, कसं ऐकू येईल याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

(दृश्य : पुन्हा ओसरी. वडील मोबाइलवर २०२४ ची बातमी दाखवतात.)

ही बातमी ब्रिटनच्या कोर्टातली. अ‍ॅस्ट्राझेनेकाने कबूल केलं, की त्यांच्या लसीने अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. आपल्याकडे तीच लस कोविशील्ड म्हणून दिली गेली. वडिलांना वाटतं, हे आपल्यापासून लपवून ठेवलं.

लपवलं नव्हतं. १७ मे २०२१ रोजी आपल्याच आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं होतं, की लसीकरणानंतरच्या ४९८ गंभीर घटना तपासल्या, त्यांतल्या २६ गुठळ्यांच्या असू शकतात. दहा लाख डोसांमागे ०.६१ असं हे प्रमाण. म्हणजे खरं सांगितलं होतं, वेळेवर सांगितलं होतं. ते प्रसिद्धिपत्रकात राहिलं. या ओसरीपर्यंत यायला तीन वर्षं लागली आणि आलं ते परदेशी कोर्टातून.

(दृश्य : मालेगाव, गल्ल्या.)

२०२२ च्या नोव्हेंबरात मुंबई आणि भिवंडीबरोबर मालेगावातही गोवर पसरला. लस न घेतलेली मुलं त्यात सापडली.

(दृश्य : अंगणवाडी. सिस्टर एका आईसमोर बसलेल्या.)

टोचून झाल्यावर सिस्टर चार गोष्टी सांगतात. कुठली लस दिली आणि ती कशासाठी. आज रात्री ताप येईल, आला तर काय करायचं. पुढची तारीख. कार्ड जपून ठेवा. मग अर्धा तास इथेच बसा. ताप येणार हे आधी सांगितलेलं असलं, की तो आल्यावर घर घाबरत नाही. कोरोनाच्या काळात वरच्या पातळीवर नेमकी हीच रीत सुटली. आधी ‘काही होत नाही’, मग काही झालं की खुलासा.

वडील अंगणवाडीच्या दारापर्यंत आले आहेत. आत येत नाहीत. सिस्टर बाहेर जाऊन त्यांना कुपीवरचा चौकोन दाखवतात, गोवराची वेगळी कुपी दाखवतात, कोरोनाशी तिचा संबंध नाही हे सांगतात. ती बरीच वर्षं चालत आलेली लस आहे, तुमच्या थोरल्या मुलीलाही दिली होती. हे त्यांना पटतं. राहतो तो शेवटचा प्रश्न, काही झालं तर कुणाला विचारायचं.

त्याचंही उत्तर आहे. लसीनंतरच्या गंभीर घटना तपासायला जिल्ह्यात समिती असते, डॉक्टर त्यात असतात, तिचा अहवाल वर जातो. आमच्याशी बोललेल्या पालकांपैकी एकालाही ही समिती ठाऊक नव्हती. कार्डावर तिचा नंबर नाही. सिस्टरांनी कार्डाच्या मागे पेनाने स्वतःचा मोबाइल नंबर लिहून दिला.

(दृश्य : वडील कार्ड उलटंपालटं करून बघतात. पोराला आत नेतात.)

गोवराची कुपी एकदा पातळ करून उघडली की चार तासांत संपवावी लागते, उरली तर टाकायची. एक वाजत आला आहे. यादीतल्या तीन घरांचं अजून काही कळलेलं नाही. आशाताई पुन्हा निघाल्या आहेत.