आत्याबाई आणि मामंजी

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आजी तिच्या सासूबाईंना आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. दोघंही माझ्या जन्माआधीच गेली होती, पण आजीच्या बोलण्यात ती रोज यायची. आत्याबाईंना जाड भाकरी चालायची नाही. मामंजी ओसरीवर बसलेले असले की बायका मागच्या दारानं पाण्याला जायच्या. “माझं नाव आत्याबाईंनी ठेवलं,” हेही ती पुन्हा पुन्हा सांगायची. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे शब्द ऐकू येत असतील, काहींकडे आजही असतील. सासूला असं म्हणायची पद्धत, एवढंच मी धरून चाललो होतो. ही पद्धत आली कुठून, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

एक साधी गोष्ट करून बघा. आत्याच्या नवऱ्याला तुमच्याकडे काय म्हणतात? पुष्कळ मराठी घरांत त्याला मामा म्हणतात. आणि मावशीच्या नवऱ्याला? काका. आता हे जरा विचित्रच नाही का? आत्या ही वडिलांची बहीण. मग तिच्या नवऱ्याला आईच्या भावाचं नाव कशाला? मावशी आईकडची, मग तिच्या नवऱ्याला वडिलांच्या भावाचं नाव का?

कागदावर मांडलं की उलगडतं. दोन घरांत साटंलोटं झालं, म्हणजे माझ्या आईला या घरात दिली आणि माझ्या वडिलांची बहीण तिकडे, आईच्या भावाला दिली, की आत्याचा नवरा हा मामाच असतो. दोन सख्ख्या बहिणी एकाच घरात दोन भावांना दिल्या, की मावशीचा नवरा हा काकाच होतो. आता साटंलोटं नसेल, पण शब्द मागे राहिले. ज्या काळी सोयरिकी अशा होत असत, त्या काळचा हिशेब आपण अजून रोज तोंडानं उच्चारतो.

नात्यांचे शब्द असे वाचता येतात, हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते लुईस हेन्री मॉर्गन नावाच्या एका वकिलाच्या. तो अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, रोचेस्टर गावी राहणारा. शेजारच्या सेनेका या आदिवासी समाजात त्याचं जाणं-येणं होतं. तिथं मूल चुलत्यालाही बापच म्हणतं आणि मावशीलाही आईच म्हणतं, हे त्यानं टिपलं. पुढं दुसऱ्या जमातीतही तेच आढळलं. मग दक्षिण हिंदुस्थानातल्या एका अमेरिकन मिशनऱ्याकडून त्यानं तमिळ आणि तेलुगू शब्द मिळवले, आणि तिथंही तीच घडण! तेव्हा त्यानं नात्यांच्या शब्दांची मोठी प्रश्नावली छापली आणि जगभरच्या मिशनऱ्यांना, वकिलातींना पाठवली. आलेल्या उत्तरांचे तक्ते १८७१ साली ग्रंथरूपानं निघाले. त्यावरून त्यानं रानटी अवस्थेपासून सुधारलेल्या अवस्थेपर्यंतचा जो जिना रचला, तो पुढच्या अभ्यासकांनी मोडीत काढला, आणि ते योग्यच झालं. तक्ते मात्र टिकले.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. माय मरो पण मावशी जगो, असं आपणच म्हणतो. आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या श्रोत्यांना तर कानडी शेजार आहे. कानडीत थोरला चुलता म्हणजे दोड्डप्पा, मोठा बाप; धाकटा तो चिक्कप्पा. ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासूही. ‘माव’ म्हणजे मामा आणि सासराही. आजीच्या आत्याबाई-मामंजींना पलीकडच्या बाजूनं बघितलं, तर ते असे दिसतात.

या सगळ्याचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या बाई आपल्या पुण्यातल्या. इरावती कर्वे. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. त्यांनी जर्मनीत बर्लिनला डॉक्टरेट केली आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात शिकवलं. माणसं मोजायला, बोलायला, ऐकायला त्या देशभर हिंडल्या आणि भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले. उत्तरेत मुलगी द्यायची ती गावाबाहेर, नात्याबाहेर, अनोळखी घरात. म्हणून तिथं घुंघट, म्हणून तिथल्या गाण्यांत लेक निघाली की ती परमुलखालाच निघालेली. दक्षिणेत मुलगी ओळखीच्याच घरी जाते. सासू आत्या असते, नाहीतर मामाशीच लग्न झालं तर आजी असते. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर. आपल्याकडे कित्येक समाजांत मामाची मुलगी चालते, नव्हे, ती हक्काची मानतात. आत्याची मुलगी मात्र चालत नाही. दार एकाच बाजूनं उघडं. सांध्यावरच्या प्रदेशाची ही खूण त्यांनी फार नेमकी दाखवली.

मामाच्या मुलीचा हा वाद जुना आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रात तो दाक्षिणात्यांचा आचार म्हणून नोंदवलेला आहे. महाभारतात अर्जुनाची सुभद्रा ही वसुदेवाची लेक, म्हणजे त्याच्या मामाची मुलगी. सुभद्रेच्या बाजूनं पाहिलं तर कुंती तिची सख्खी आत्या आणि तीच सासू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं बहीण-भावाच्या मुलांचं लग्न निषिद्ध ठरवलं, पण रूढी असेल तर ते चालेल, अशी सोय ठेवली. ती सोय कोणासाठी ठेवली, हे आपल्याला सांगायला नको.

आता एक समज आपल्या मनात पक्का बसलेला असतो, त्याबद्दल थोडं. पूर्वी सगळे एकत्र राहायचे, हल्ली घरं फुटली, असं आपण म्हणतो. पुण्याजवळ नगर रस्त्यावर लोणीकंद आहे. १८१९ च्या सुमारास डॉक्टर कोट्स या इंग्रजानं या गावाची घरोघर पाहणी केली. सव्वाशेहून अधिक वर्षांनी गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तेच गाव पुन्हा अभ्यासलं, आणि पॉलिन कोलेंडा या अमेरिकन विदुषीनं १८१९, १९५८ आणि १९६७ अशा तिन्ही वेळच्या घरांची तुलना केली. गुजरातेत ए. एम. शहा यांना एका खेड्याची १८२५ ची शिरगणती सापडली. आईबाप आणि मुलं एवढीच माणसं असलेली लहान घरं तेव्हाही भरपूर होती, हे या कागदांतून समोर आलं. त्याला एक कारण असं, की एकत्र राहायला माणसं जगावी तर लागतात! विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही आत होतं. दुष्काळ, पटकी, प्लेग, बाळंतपणं. नातवाचं तोंड बघणारे आजोबा किती असणार? बिजवर आणि सावत्र हे शब्द आपल्या भाषेत इतके वापरातले का, याचंही उत्तर इथंच आहे.

जुने कागद वाचताना मला एका गोष्टीचं वाईट वाटत राहतं. वतनाचे तंटे झाले, भाऊबंदकी माजली, की करीने, म्हणजे हक्काच्या हकिकती, लिहिले जात, वंशावळी जोडल्या जात. त्यांतून घराण्याच्या दहा-दहा पिढ्या सापडतात. पण त्यात बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली मुलगे. लेकी नाहीत, सुना नाहीत. बायका दिसतात त्या कराच्या यादीत: लग्नावर लग्नटका होता, आणि विधवेनं पाट लावला तर पाटदाम. पाटदाम हा एक शब्द पुरेसा आहे. पुनर्विवाह ही काही एकोणिसाव्या शतकात सुधारकांनी शोधलेली गोष्ट नव्हती. अनेक जातींत तो इतका रुळलेला होता की त्यावर सरकार पैसे घेत असे.

बायकांच्या बाजूचं बाकी सगळं जात्यापाशी राहिलं. गी पॉइतव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि त्यांत आई, भाऊ, भावजय, लेकीची पाठवणी, माहेरची वाट हे सगळं ओतप्रोत भरलेलं आहे. वंशावळीत जिचं नाव नाही, ती तिथं भावाचं नाव घेऊन गाते.

अखेर मीही वही घेऊन बसलो. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाच्या डॉक्टरनं १८९८ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर एक रीत वापरली होती, आणि पुढं निलगिरीतल्या तोडा लोकांतही. काका-मामा असं काही विचारायचं नाही. बाप, आई, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द धरायचे आणि प्रत्येकाचं नाव विचारत जायचं. ज्या बाईनं जन्म दिला तिचं नाव काय? तिला आणखी मुलं किती? ती कुठं दिली? वहीत मी पुरुषाला त्रिकोण काढायचो, बाईला गोल.

माझ्या थोरल्या आत्याला ऐंशीच्या पुढं वय असूनही सगळी नावं पाठ होती. ती सांगत गेली, मी काढत गेलो. आजीच्या वडिलांचा त्रिकोण काढला. त्यांच्या बहिणी किती? तिघी. नावं? धाकटीचं नाव तिनं सांगितलं आणि माझं पेन थांबलं, कारण त्या नावाचा गोल मी अर्ध्या तासापूर्वी वहीच्या दुसऱ्या बाजूला काढला होता. आजोबांची आई म्हणून. दोन गोल खोडून मी एक केला.

आजी जे सांगायची, “माझं नाव आत्याबाईंनी ठेवलं,” ते मी इतकी वर्षं लग्नातलं समजत होतो, तांदळाच्या ताटात लिहितात ते. ते बारशाचं होतं. पाळण्याशी वाकून, कानात कुर्र करून, आत्यानं ठेवलेलं. चौदाव्या वर्षी ती त्याच बाईच्या घरी सून म्हणून गेली, आणि त्या मांडवात तांदळाचं ताट आलं तेव्हा आत्याबाईंनी ते नाव बदलू दिलं नाही.