पासिंगचा कागद आणि चोर्ल्याचा उतार

[हायवेलगत जुन्या पिकअप गाड्यांची रांग. कॅमेरा एका पांढऱ्या गाडीच्या पिवळ्या नंबरप्लेटवर थांबतो. सुरुवातीची अक्षरं : एमएच ०९.]

"पासिंग आत्ताच झालंय की, अजून काय पाहिजे?"

निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर, कुठंही जा, जुनी पिकअप विकणाऱ्याचं हे वाक्य ठरलेलं. ते ऐकलं की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. आजचं गिऱ्हाईक खानापूर तालुक्यातलं आहे. शेतात रताळी आणि भाजीपाला. माल बेळगावच्या मार्केट यार्डात जातो आणि दर बरा असला तर जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातून थेट गोव्यात. गाडी कोल्हापूर पासिंगची, वय नऊ वर्षं. रंग नवा. जरा जास्तच नवा.

आधी कागदाबद्दल. पासिंग म्हणजे फिटनेस, गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याची सरकारी तपासणी आणि तिचा दाखला. पिकअप ही मालवाहू गाडी, त्यामुळं घरच्या मोटारीसारखी पंधरा वर्षांची निश्चिंती तिला नाही. नव्या गाडीला पहिली दोन वर्षं सूट, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस आणि त्यापुढं दर वर्षी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५६ इथं स्पष्ट आहे : फिटनेस नसेल तर मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणजे कागद हवाच. कोल्हापुरात मिळालेला कागद बेळगावातही चालतो, त्यात अडचण नाही.

अडचण अशी, की तो कागद फक्त एका दिवसाबद्दल बोलतो. त्या दिवशी दिवे लागत होते, वायपर फिरत होते, हॉर्न वाजत होता, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटलेल्या होत्या. टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल हवी, ती होती. पण टायर कुणाचे होते? पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे टायर चढवायचे आणि संध्याकाळी परत उतरवायचे, हा प्रकार या धंद्यातल्या कुणालाही नवा नाही. नियम पाळला जातो आणि त्याचा अर्थ मात्र रस्त्यावर राहतो.

[गाडीखाली आडवा झालेला मेस्त्री. हातात टॉर्च, फक्त पाय बाहेर दिसतात.]

गिऱ्हाइकानं बेळगावहून आपला मेस्त्री सोबत आणलाय. हा इंजिन सुरू करायला सांगत नाही, आधी गाडीखाली जातो. मागचे पाटे, म्हणजे ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, मोजतो.

"मामा, एक पाटा वाढवलाय बघा."

इथं थोडं थांबूया. पाटा वाढवणं हा आपल्याकडचा सर्रास उद्योग. कंपनी दीड टनाच्या आसपास म्हणते, आपण ऊस, वाळू, विटा भरताना आकडा बघत नाही. जादा पाटा घातला की गाडी मागं बसत नाही आणि मालक खूश. पण बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या कण्याजवळ, ब्रेकची एक झडप असते, ती एका दांडीनं चेसीस (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि ॲक्सलच्या मध्ये जोडलेली असते. माल भरला की चेसीस खाली बसते, दांडी हलते आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. गाडी रिकामी असेल तेव्हा दाब कमीच हवा, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी घसरेल.

आता पाटा वाढवलेला. हौद्यात दोन टन माल, तरी चेसीस हवी तेवढी खाली बसत नाही. झडपेच्या हिशेबानं गाडी अजून रिकामीच. मागचे ब्रेक अर्ध्या मनानं लागतात आणि सगळा ताण पुढच्या चाकांवर येतो. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. घाट उतरताना मात्र ड्रायव्हरचा पाय सारखा ब्रेकवर असतो. पुढचे ब्रेक तापतात, ब्रेकचं ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि पेडल थेट फळीला टेकतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, जुनं ऑइल त्यामुळंच लवकर उकळतं. आणि कणकुंबीच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा!

पासिंगला गाडी सहसा रिकामी नेतात. रिकाम्या गाडीचे ब्रेक चांगले लागतात. इन्स्पेक्टरनं जे पाहिलं ते खरंच होतं. म्हणून मला विचाराल तर सगळं खापर एजंट आणि पाकिटावर फोडणं सोयीचं आहे, पुरेसं नाही. उद्या सगळे हरिश्चंद्र झाले तरी हा दोष तपासणीत सापडेलच याची खात्री नाही.

[मेस्त्री हातोडीनं चेसीस वाजवत पुढं सरकतो. आवाज बदलतो.]

चेसीसवर काळा रंग थापलाय. पाटा चेसीसला जिथं टांगलेला असतो त्या हँगरजवळ हातोडीचा आवाज बद्द येतो. रंग खरवडला तर खाली वेल्डिंगचा ओघळ. चेसीसला तडा जाणं नऊ वर्षांच्या, ओव्हरलोड मारलेल्या गाडीला अशक्य नाही. तो तडा कुणी, कसा जोडला, हा प्रश्न. विकणारा म्हणतो, "ते कंपनीचंच हाय." मेस्त्री उत्तर देत नाही.

२०२१ च्या नियमांनी यंत्रावरची तपासणी केंद्रं आणली. तिथं चाकं रोलरवर चढतात, ब्रेकचा जोर यंत्र मोजतं, आकडे परस्पर संगणकात जातात. केंद्र चालवणाऱ्याला गाड्यांची दुरुस्ती किंवा विक्री करता येत नाही, हे तर फारच बरं. माणसाच्या मर्जीचा भाग त्यानं कमी होतो. पण रंगाखालचं वेल्डिंग रोलरला दिसत नाही आणि संध्याकाळी उतरवलेले टायरही दिसत नाहीत.

कागदांचं थोडक्यात. मोबाईलवर परिवहनच्या ॲपमध्ये नंबर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे ते कळतं. बँकेचा बोजा असेल तर तोही. महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलायला २९ आणि ३०. चेसीस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं उमटवलेला ठसाही लागतो. सीमाभागात किती एमएच गाड्या वर्षानुवर्षं तशाच फिरतात, ते रस्त्यावर उभं राहून कुणीही बघावं.

[मेस्त्री हात पुसत उभा राहतो.]

"वीस पोती सिमेंट भरा. तवंदी घाटात जाऊन येऊया."

वीस पोती म्हणजे एक टन. विकणाऱ्याला हे पसंत नाही.

"डिझेल कोण घालणार?"

"मी घालतो की," शेतकरी म्हणतो.

[गाडीतून दिसणारा निपाणीजवळचा उतार. ड्रायव्हरच्या पायाजवळचा कॅमेरा.]

उतारावर दुसऱ्यांदा ब्रेक दाबला तेव्हा गाडी डावीकडं ओढली. तिसऱ्यांदा पेडल पहिल्यापेक्षा खोल गेलं. वर आल्यावर मेस्त्रीनं पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेला, उजव्या बाजूला गरम हवा अजिबात नव्हती. त्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, जाम होता; तो ब्रेक लागतच नव्हता.

विकणारा पंधरा हजार कमी करायला तयार आहे. शेतकऱ्याला पैसे कमी नकोत. जादा पाटा काढून, कॅलिपर आणि ऑइल बदलून, झडप कंपनीच्या मापावर लावून द्या, आणि चेसीसचं काम बेळगावात माझ्या मेस्त्रीसमोर उघडा, असं त्याचं म्हणणं. बोलणी चालू आहेत.