एकोणचाळीस अंकी मूळ संख्या

नमस्कार श्रोतेहो.

दोनाला दोनाने गुणत चला. असे १२७ दोन एकमेकांशी गुणून झाले, की आलेल्या उत्तरातून एक वजा करा. जी संख्या मिळते तिच्यात एकोणचाळीस अंक आहेत. सुरुवात १७०१ अशी, शेवट ७२७ असा. आपल्या भास्कराचार्यांच्या स्थानसंज्ञा परार्धापाशी, म्हणजे अठराव्या घरात संपतात. परार्धाला परार्धाने गुणा आणि येईल त्याची सतरा हजार पट करा, तेव्हा कुठे आपण हिच्या जवळ पोचतो.

ही संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेच निःशेष भाग जात नाही. पण हे कळलं कसं? एकेका संख्येने भागून बघायचं तर सेकंदाला एक अब्ज भागाकार करणाऱ्या यंत्रालाही चारशेहून जास्त वर्षं लागतील. आणि एदुआर्द ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने हे सिद्ध केलं १८७६ साली, हाताने!

त्याची कसोटी आज ज्या रूपात वापरतात, ती ३१ वर करून बघू. ३१ म्हणजे पाच दोनांचा गुणाकार, वजा एक. चारपासून निघायचं. वर्ग करायचा, दोन वजा करायचे: १४. पुन्हा तेच: १९४. याला ३१ ने भागलं की बाकी ८. आठाचा वर्ग ६४, दोन गेले, ६२. ६२ ला ३१ ने पूर्ण भाग गेला, म्हणून ३१ मूळ. तीन पायऱ्यांत निकाल! आपल्या मोठ्या संख्येला अशा सव्वाशे पायऱ्या लागतात.

मात्र प्रत्येक पायरीला एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग करायचा आणि तेवढ्याच मोठ्या संख्येने भागायचं. इथे ल्युकाची युक्ती मला फार आवडते. त्याने बुद्धिबळाच्या पटासारखा १२७ बाय १२७ घरांचा पट घेतला आणि आकडे फक्त शून्य-एकाच्या भाषेत मांडले. सोंगटी असली तर एक, रिकामं घर म्हणजे शून्य. दोनाच्या १२७ व्या घाताला आपल्या संख्येने भागलं तर बाकी एक उरते. त्यामुळे ओळीच्या टोकाबाहेर गेलेली सोंगटी पुन्हा पहिल्या घरात आणून ठेवली, की भागाकार आपोआप झाला. भागायचं असं काही उरतच नाही.

दोनाच्या कोणकोणत्या घातांतून एक वजा केला की मूळ संख्या मिळते, अशा घातांची एक यादी मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली दिली होती. तिच्यातले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले, १२७ टिकला.

पंचाहत्तर वर्षं हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. १९५१ मध्ये फेरिए यांनी टेबलावरच्या गणनयंत्राने चव्वेचाळीस अंकी संख्या शोधली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकाने एकोणऐंशी अंकी संख्या मूळ ठरवली. ती बनली होती अशी: ल्युकाच्याच संख्येचा वर्ग, गुणिले १८०, अधिक एक.